ग्लो स्टिकचा पोशाख लेकरांसोबत घरी करायचा तर: कपडा आधी, उजेड शेवटी

अंबाजोगाईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कोजागरीला कॉलनीच्या गच्चीवर मुलांचा कार्यक्रम ठरलाय. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा. काळ्या कपड्यांवर ग्लो स्टिक, म्हणजे वाकवून मोडली की उजळणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या, लावून अंधारात नाचणारा काडीमाणूस करायचा आणि शक्यतो लेकरांनीच तो तयार करायचा, असं त्यांच्या मनात आहे. एकदा सेलोटेपने चिकटवून पाहिलं तर थोड्याशा नाचात निम्म्या काड्या खाली आल्या. टेप कोणती चांगली, काडी किती वेळ उजळते, धाकट्याने चावली तर काय करायचं, आणि जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगला हाच पोशाख चालेल का, हेही त्यांना विचारायचंय.

ताई, मी लातूरला शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेच्या मॅडम म्हटलं की गॅदरिंगचे पोशाख आणि स्टेजची सजावट आपोआप गळ्यात पडते, तेव्हा या काड्यांशी बरीच झटापट झालेली आहे. तुम्ही टेप कोणती चांगली असं विचारलंय, पण तुमचा घोळ टेपचा नाही. तुम्ही कपडा आणि उजेड एकाच संध्याकाळी तयार करायला निघालात. काडी मोडली की तिचा वेळ सुरू होतो, लेकरं उड्या मारायला लागतात, घामट टीशर्टवर टेप धरत नाही आणि सगळं घाईत उरकावं लागतं. पोशाख काड्यांशिवाय, दिवसाउजेडी, दोन-तीन दुपारींत पूर्ण करून ठेवायचा. काड्या शेवटच्या पंधरा मिनिटांत कपड्यावर शिवलेल्या पाइपांत सरकवायच्या. एवढा क्रम बदलला की बाकीचे बरेच प्रश्न सुटतात, आणि मुलांच्या हाताला करण्यासारखं कामही त्या दुपारींतच जास्त असतं.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडच्या परिस्थितीवर आहेत. बघणारे किती लांब बसणार? गच्चीवर दहा-पंधरा फुटांवर बसले असतील तर एकेरी काडी पुरते. शाळेच्या मैदानात मागच्या रांगेतल्या आजोबांना पाच मिलिमीटर जाडीची रेघ दोऱ्यासारखी दिसेल, तिथे दुहेरी लावावी लागते. दुसरं म्हणजे अंधार किती मिळणार? कोजागरीच्या चंद्राची काळजी करू नका, चांदण्यात काड्या छान दिसतात. काळजी करायची ती शेजारच्या गच्चीवरच्या एलईडी हॅलोजनची आणि मोबाइलचे फ्लॅश मारणाऱ्या काका-मावश्यांची. आधी एका रात्री गच्चीवर जाऊन कुठला दिवा कुठून येतो ते बघून या, आणि त्या घरी जाऊन दहा मिनिटं दिवा बंद ठेवायची विनंती करून ठेवा. मसाला दुधाचं आमंत्रण दिलं की नाही म्हणत नाहीत.

खरेदीचं थोडक्यात. आपल्याकडे चमकणाऱ्या सगळ्याच वस्तूंना दुकानदार रेडियम म्हणतात, त्यामुळे रेडियम पट्टी मागितली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लावायची पट्टी हातात येते. ती स्वतः उजळत नाही, गाडीच्या दिव्याचा उजेड परत फेकते. अंधाऱ्या गच्चीवर तिचा उपयोग शून्य. तुम्हाला मनगटात घालायच्या, २० सेंटिमीटर लांबीच्या, वाकवून मोडायच्या काड्या हव्यात. वाढदिवसाची सजावट विकणाऱ्या दुकानात त्या डबीने मिळतात, सोबत जोडायच्या छोट्या नळ्या असतात. लातूरला गंजगोलाईत, संभाजीनगरला गुलमंडीच्या बाजूला फिरलात तर अडचण येऊ नये. डबी सीलबंद आहे ना ते बघा आणि घरी येताच एक काडी मोडून तपासा. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेला माल कधीकधी मोडल्यावर नुसता फिकट पिवळा पडतो. हे कार्यक्रमाच्या रात्री कळण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेलं बरं.

रंगाचा मोह मुलांना होणारच. प्रत्येकाला सगळे रंग हवे असतात. पण अंधारात आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा सर्वांत तेज दिसतो, लाल आणि निळा मंद. म्हणून अंगाच्या रेघा हिरव्या किंवा पिवळ्या ठेवा आणि गुलाबी, निळे, लाल डोक्याच्या कड्याला किंवा मनगटाला द्या. मुलगी हट्टच करून बसली तर डावी बाजू हिरवी, उजवी पिवळी करून द्या. नाचताना कुठला हात कुठला ते कळतं आणि तिचंही समाधान होतं.

आता काडीच्या पोटात काय असतं ते सांगते, कारण वेळेचा आणि सुरक्षिततेचा हिशेब त्यावरच आहे. प्लास्टिकच्या नळीत एक बारीक काचेची नळी असते. एकीत हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण, दुसरीत ऑक्झलेट एस्टर नावाचं रसायन आणि रंगद्रव्य. वाकवल्यावर ‘कट्’ आवाज येतो तो काच फुटल्याचा. दोन्ही द्रवं मिसळतात, रासायनिक क्रियेतली ऊर्जा रंगद्रव्याला मिळते आणि ते ती उजेडाच्या रूपात सोडतं. उष्णता जवळजवळ नाहीच, म्हणून काडी हाताला गार लागते. पाकिटावर आठ-बारा तास लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण त्यातला खरा झगमगाट पहिल्या तास-दोन तासांचा. नंतर काडी उजळते, पण पोशाख म्हणून लांबून दिसत नाही.

तापमानाने हा वेळ कमी-जास्त होतो. उष्णतेत क्रिया वेगाने होते, काडी जास्त झगमगते आणि लवकर संपते. थंडीत मंद पण लांब चालते. ऑक्टोबरातल्या तुमच्या गच्चीवर काही अडचण नाही. जानेवारीत परभणीकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा उघड्या मैदानावर काड्या बऱ्याच मंद वाटतात. अशा वेळी मोडलेल्या काड्या सरकवण्याआधी थोडा वेळ स्वेटरच्या आत किंवा मुठीत धरायच्या. शेगडीवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही, नळी फुटते. तुमच्या मुलीला हे करून दाखवा: एका ग्लासात बर्फाचं पाणी, दुसऱ्यात अंघोळीइतकं कोमट पाणी, दोन्हीत एकाच वेळी मोडलेली एकेक काडी. दिवे घालवले की फरक लगेच दिसतो. आमच्या वर्गात हा प्रयोग केला की मागच्या बाकावरून “मॅडम, हे जास्तच पेटायलंय की!” असा आवाज येतो, आणि मग पुढचा तास रसायनशास्त्राचा होऊन जातो.

आता पोशाखाकडे. पहिल्या दुपारी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मुलीच्या उंचीपेक्षा मोठा कागद करा. तिला त्यावर उताणं झोपवा, हात-पाय जरा फाकवून, आणि भावाला स्केचपेन देऊन तिची कड काढायला सांगा. गुदगुल्या होतात, रेघ वाकडी येते, चालतं. मग उठून तिनेच खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा यांवर ठिपके द्यायचे आणि न मोडलेल्या काड्या त्या ठिपक्यांच्या मधे मांडायच्या. इथे तुम्ही फक्त एक नियम सांगायचा: सांध्यावर काडी येता कामा नये. कोपर, गुडघा, खांदा इथे दोन बोटं मोकळी जागा हवी. तुमच्या काड्या गळाल्या त्या बहुधा सांध्यावरच्या. अंग वाकतं, काडी वाकत नाही, मग टेप सुटते.

मोकळ्या जागेने चित्र तुटेल असं मुलांना वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. तुटत नाही. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये एतियन-ज्यूल मारे नावाचा शास्त्रज्ञ माणसाची चाल अभ्यासायचा. त्याने माणसाला पूर्ण काळा पोशाख घालून हाता-पायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यापुढून चालवत कॅमेऱ्यातल्या एकाच फोटोच्या काचेवर एकामागून एक फोटो घेतले. दिसल्या त्या फक्त पट्ट्या, आणि चाल अगदी स्पष्ट. म्हणजे तुमच्या काडीमाणसाचा पोशाख सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत शिवलेला होता. पुढे १९७३ साली स्वीडनच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने तर रेघाही काढून टाकल्या, सांध्यांवर मोजके दहा-बारा उजेडाचे ठिपके ठेवले. स्थिर असताना बघणाऱ्यांना काही बोध होत नव्हता. ते हलायला लागले की चालणारा माणूस लगेच ओळखू येत होता. आपल्या कामापुरता याचा अर्थ सरळ आहे. काड्या कमी, हालचाल जास्त. बरगड्या, बोटं, पट्टा, छातीवर चांदणी असं काय काय मुलं सुचवतील, त्यातलं फार घेऊ नका. नुसती गिचमीड होते आणि नाच दिसत नाही.

आठ वर्षांच्या मुलीचा साधारण हिशेब असा: प्रत्येक हाताला दोन, प्रत्येक पायाला दोन, खांद्यांच्या रेषेत एक आडवी, पोटा-छातीवर उभ्या दोन, कमरेला एक, आणि डोक्याच्या कड्याला तीन जोडून. झाल्या पंधरा. चार-पाच जास्तीच्या ठेवा, काही निकामी निघतात आणि काही भाऊ पळवतो.

बसवायच्या कशात? माझं उत्तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप. तो फुटावर मिळतो. नुसत्या कोजागरीसाठी आतून आठ मिलिमीटरचा पुरे. गॅदरिंगलाही वापरायचा असेल तर बारा मिलिमीटरचा घ्या, त्यात पुढे दोन काड्या शेजारी-शेजारी बसतात. दुकानात गुंडाळून ठेवल्याने तो वाकडा झालेला असतो. उन्हात सरळ बांधून ठेवला की बऱ्यापैकी सरळ होतो. काडीपेक्षा बोटभर जास्त लांबीचे तुकडे तुम्ही कापा, कडा सँडपेपरने घासून घ्या. मग ते कपड्यावर काळ्या दोऱ्याने तीन ठिकाणी आडवे टाके घालून पक्के करा. पाइपावरून टाका घालून खाली कपड्यात उतरायचं, पाइपाला सुई टोचायची नाही. आठ वर्षांच्या मुलीला हे टाके येतात. गोधडीला टाके घालणारी आजी घरात असेल तर तिला सोबत बसवा, तुम्हाला मधे पडायची गरज उरणार नाही. पाइपाचं खालचं टोक काळ्या टेपने बंद, वरचं उघडं. काड्या सरकवल्यावर वरच्या टोकाला कापसाचा बोळा. बारा मिलिमीटरच्या पाइपात एकच काडी हलत राहिली तर सोबत पारदर्शक प्लास्टिकची घडी खुपसायची.

नुसत्या इलॅस्टिकच्या लूपमध्येही काडी बसते आणि ते स्वस्त पडतं. तरीही लहान मुलांसाठी मी पाइपच सांगते. पडल्या-झडल्यावर काडी चेपत नाही, गळाली तरी द्रव पाइपात राहतो, आणि पोशाख परत वापरता येतो. सेफ्टी पिना टाळा. अंधारात उघडलेली पिन शोधायला कुणालाच मजा येत नाही.

कपडा सुती आणि मंद काळा हवा. सॅटिनवर काड्यांचं प्रतिबिंब पडून रेघा फिसकटतात. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, लेगिंग, काळे मोजे. डोक्याला काळी माकडटोपी उत्तम, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात लेकरू ती दोन मिनिटांत काढून फेकेल. जुन्या काळ्या टीशर्टची सैल टोपी शिवा. तीन काड्या जोडलेलं कडं टोपीच्या कडेने, चेहऱ्याभोवती, दोऱ्याच्या फाशांत अडकवा. चेहरा झाकू नका, डोळ्यांवर मुखवटा नको. गळ्याभोवती काहीही बांधायचं नाही. काड्यांच्या जोडनळ्या ओढल्या की सुटतात, दोरी सुटत नाही.

चार वर्षांच्या धाकट्यासाठी मी काडीमाणूस करणारच नाही. त्याला हातभर अंतरावर चमकणारी काडी दिली की तो ती तोंडात घालणार, यात त्याचा दोष नाही. त्याला काजवा करा. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल काढायचं, आत अर्ध्या बाजूला चांदीचा कागद म्हणजे आपली डब्याची फॉइल लावायची, पाच-सहा हिरव्या-पिवळ्या काड्या मोडून आत टाकायच्या, झाकण घट्ट करून वर टेप. काळ्या इलॅस्टिकचे दोन पट्टे लावून ती दप्तरासारखी पाठीवर, जरा खाली. फॉइलची बाजू अंगाकडे, म्हणजे सगळा उजेड मागे पडतो. हात पोचत नाही, तोंड पोचत नाही, आणि काजव्याचा दिवाही पोटाच्या मागच्या टोकालाच असतो. त्याचा उजेडही असाच रासायनिक आणि गार. त्याला पंख हवे असतील तर जुन्या ओढणीचे. नाच वगैरे काही बसवू नका, ताईच्या भोवती पळत राहू दे.

आता चावण्याचा प्रश्न सरळच घेते. चावून काडी फुटली आणि थोडा द्रव तोंडात गेला तर तोंडाची आग होते, कडवट लागतं, लेकरू रडतं. एवढ्याशा द्रवाने सहसा गंभीर विषबाधा होत नाही. ओल्या फडक्याने तोंड पुसा, चूळ भरायला लावा, पाणी किंवा दूध द्या. मुद्दाम उलटी करायला लावू नका. डोळ्यात गेलं तर जास्त झोंबतं. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि नंतर डॉक्टरांना दाखवा. काच तोंडात गेल्याची शंका आली, उलट्या व्हायला लागल्या किंवा श्वासाला त्रास वाटला तर वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. कातडीला लागलं तर साबण-पाणी पुरतं. एक गोष्ट अजिबात करू नका: काडी कापून आतला द्रव कपड्यावर शिंपडणं. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात आणि दिसतंही भारी, पण त्या द्रवात काचेचा चुरा असतो, कपड्याला डाग पडतो आणि शिंतोडा नेमका कुणाच्या तरी डोळ्यात जातो.

कार्यक्रमाच्या रात्रीचा क्रम. लेकरांनी आधी जेवण, लघवी सगळं उरकून पोशाख घालायचा. हे विनोदाने लिहीत नाहीये, पाइप लावलेली लेगिंग सारखी खाली-वर करणं जिवावर येतं. तुमची पाळी यायच्या पंधरा मिनिटं आधी एका मोठ्या माणसाने खोलीत काड्या मोडायच्या. एकदाच मधे वाकवून भागत नाही. आतली काच जवळजवळ पूर्ण लांबीची असते, म्हणून तीन-चार ठिकाणी हलकं वाकवत जायचं, घडी घालायची नाही, मग हलवायची. मुलीला मोडायची हौस असणारच. तिला डोक्याच्या कड्याच्या तीन द्या. प्रत्येक काडी टिश्यूवर फिरवा. टिश्यूवर उजळता डाग पडला तर ती गळतेय, बाजूला ठेवा. मग पायांपासून वर भरत या, डोक्याचं कडं शेवटी.

काळ्या कपड्यातलं मूल अंधारात मोठ्यांना दिसत नाही, विशेषतः कडं काढल्यावर. गच्चीचा कठडा ठेंगणा असेल तर नाचाची जागा मधोमध, खडूने आखून, आणि जिन्याच्या तोंडाशी टॉर्च घेतलेला एक माणूस. परतताना रस्त्याने चालत जायचं असेल तर वरून फिक्या रंगाचा शर्ट चढवा. दिवे, फटाके यांच्याजवळ या पोशाखात जायचं नाही.

सरावाला काड्या खर्च करू नका. पाइपात पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या सरकवा, मारेच्या पट्ट्यांसारख्या. ट्यूबलाइटमध्येही रेघा दिसतात आणि हात-पाय कुठे कमी पडतायत ते आरशात मुलांनाच कळतं. हालचाली मोठ्या आणि बाजूला होणाऱ्या बसवा. हात पोटासमोर आणला की पोटाच्या काडीत मिसळून जातो. उडी, हात पसरणं, एका पायावर वळणं हे लांबून छान दिसतं. कमरेचे बारीक झटके वाया जातात.

उरलेला उजेड दुसऱ्या दिवसासाठी जपायचा असेल तर काड्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, क्रिया मंदावते. बाहेर काढल्यावर थोडा उजेड मिळतो, खेळायला पुरतो, पोशाखाला नाही. विझलेल्या काड्या कचऱ्यासोबत जाळू नका आणि उकिरड्यावर मोकळ्या टाकू नका, शेळ्या-गायी तोंड घालतात. बांधून घंटागाडीत द्या.

गॅदरिंगसाठी पोशाख तोच, नवीन काड्या, प्रत्येक पाइपात दोन. म्हणजे साधारण तीस लागतील. मात्र त्याआधी वर्गशिक्षकांना एक गोष्ट स्पष्ट विचारा: तुमच्या गाण्यापुरते स्टेजचे सगळे दिवे, फोकस आणि मागचा एलईडी पडदा बंद होणार आहे का? “बघू” असं उत्तर आलं तर ते नाही समजा. पडदा चालू राहिला की काड्या मरतात. मग पाइपात काड्यांऐवजी त्याच सरावाच्या पांढऱ्या गुंडाळ्या, जरा जाड कागदाच्या, घालून पाठवा. काळ्या पोशाखावर त्या उजेडात काड्यांपेक्षा जास्त उठून दिसतील.